अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल : डिस्क १०० टक्के, मशीन ठप्प. उपाय सुचवा

पत्रिकावाला

नमस्कार मंडळी. कराडला लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. ऐन लग्नसराईत मुख्य मशीनने मान टाकलीय. आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) नाही, त्यावरून बोलणी खायची तयारी ठेवूनच धागा काढतोय.

लक्षणं अशी. कोरल (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) मधली फाईल उघडायला घेतली की पांढरा पडदा आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, त्याला फक्त मामांचं नाव बदलून हवं असतं आणि तेवढ्यासाठी दोघंही स्क्रीनकडे बघत बसतो. मध्येच दहा-पंधरा मिनिटं मशीन एकदम झकास चालतं, मग पुन्हा तेच.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना लालभडक, १०० टक्के. सगळ्यात वर अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल. एंड टास्क केलं तर 'ॲक्सेस डिनाईड' म्हणतं. सेटिंगमध्ये जाऊन रिअल-टाईम प्रोटेक्शन बंद केलं की बरं वाटतं, पण थोड्या वेळाने ते आपोआप चालू होतं. हार्डवेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारा. आत्ता फॉरमॅट मारणं शक्य नाही. ही भानगड कायमची बंद कशी करायची?

दीडशहाणा

सोपं आहे राव. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची वही) डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) फोल्डरमध्ये 'डिसेबल अँटीस्पायवेअर' नावाची व्हॅल्यू टाकायची, किंमत १, रीस्टार्ट. कायमचा झोपतो. मी कितीतरी मशीनवर केलंय.

बाईट_चावा

हे काहीच नाही. माझ्याकडे 'सिस्टीम आयडल प्रोसेस' नावाचा प्रकार ९६ टक्के सीपीयू खातोय. तोही बंद करायचा उपाय सांगा दीडशहाणे साहेब. ;)

(नवीन वाचकांसाठी : तो आकडा म्हणजे सीपीयू ९६ टक्के रिकामा बसलाय. बंद करायला जाऊ नका.)

स्क्रूड्रायव्हर

पत्रिकावाला, रजिस्ट्रीचा तो उपाय करू नका. २०२० साली मायक्रोसॉफ्टने घरगुती विंडोजवर त्या व्हॅल्यूकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली, त्यामुळे आज ती टाकून काही होत नाही. कारण साधं आहे, मालवेअरसुद्धा आत शिरल्यावर पहिलं हेच करत होतं. वर टॅम्पर प्रोटेक्शन चालू असतं, म्हणजे डिफेंडरची सेटिंग्ज बाहेरून बदलू देत नाही. दीडशहाणा यांनी केलेली मशीन्स त्याआधीची असणार.

आता मुद्द्याचं. या प्रोसेसचं खरं नाव एमएसएमपीइंग. विंडोजच्या डिफेंडरचं इंजिन. ते स्वतःहून उठून काम शोधत नाही, म्हणजे ठरलेलं स्कॅन सोडलं तर. कुणीतरी फाईल उघडतो, तयार करतो, कॉपी करतो आणि त्या प्रत्येक वेळी हे मध्ये उभं राहून फाईल तपासतं. एकदा तपासलेली, न बदललेली फाईल ते लक्षात ठेवतं आणि पुन्हा पुन्हा तपासत बसत नाही. म्हणून तुमच्याकडे ते तासन्‌तास राबत असेल तर कुणीतरी त्याला सतत नव्या किंवा बदललेल्या फायली पुरवतंय. तो कोण, हे शोधायचं. टास्क मॅनेजर फक्त घाम कुणाला आलाय ते दाखवतो, काम कुणी लावलं ते दाखवत नाही.

असं करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स टॅब, अगदी खाली 'ओपन रिसोर्स मॉनिटर'. त्यात डिस्क टॅब. वरच्या यादीत एमएसएमपीइंगच्या पुढच्या चौकटीत टिक करा. आता खालच्या 'डिस्क ॲक्टिव्हिटी' यादीत फक्त त्याने हात लावलेल्या फायली दिसतील, पूर्ण पत्त्यासकट. फाईलच्या रकान्यावर क्लिक करून नावाप्रमाणे लावून घ्या. मशीन अडकलेलं असतानाच हे बघायचं, चांगलं चालत असताना बघून उपयोग नाही. यादीत उजवीकडे 'रिस्पॉन्स टाईम' असतो, तो आकडाही इथे लिहा.

आणि टिक काढून दुसरं कोण कोण डिस्कवर आहे तेही बघा. पहिल्या नंबरवाल्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्यात मला जास्त रस आहे.

ऑरेंजसिटी

स्क्रूड्रायव्हर यांच्याशी सहमत. मॅकवर याचंच भावंड आहे, कर्नेल टास्क. मे महिन्यात नागपुरात वरच्या मजल्यावर बसून काम करतो, माझा जुना इंटेलवाला मॅकबुक प्रो दुपारी मुंगीच्या चालीने चालायचा आणि ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कर्नेल टास्क कित्येकशे टक्क्यांवर. मी पण आधी ते मारायच्या मागे होतो. मग कळलं की ॲपलने स्वतःच लिहून ठेवलंय : सीपीयू तापला की कर्नेल टास्क मुद्दाम जागा अडवून बसतं, म्हणजे बाकीच्या जड प्रोग्रॅम्सना सीपीयू कमी मिळतो आणि तापमान उतरतं. ॲपल म्हणतं लॅपटॉप १० ते ३५ अंशांत वापरा. आमच्याकडे ४५!

चार पोर्टवाल्या त्या मॅकबुकमध्ये अजून एक गंमत. चार्जर डावीकडे लावला की त्या बाजूचा सेन्सर तापतो आणि कर्नेल टास्क जोर धरतं. उजवीकडे लावला की उतरतं. माझ्याकडे तंतोतंत तसं झालं. कूलर समोर ठेवायच्या आधी चार्जरची बाजू बदलून बघा.

शेजारीण

मध्येच घुसते, विषय जवळचाच आहे. घरून हिशेबाचं काम करते. माझ्याकडे विंडोज ११. मी जेवायला उठले की लॅपटॉपचा पंखा भणाणतो, परत येऊन माऊस हलवला की दोन मिनिटांत शांत. व्हायरस असेल का? मी नसतानाच चालतंय म्हणून भीती वाटते.

स्क्रूड्रायव्हर

शेजारीण ताई, बहुतेक ऑटोमॅटिक मेंटेनन्स. विंडोजची ही कामं रात्री २ वाजता ठरलेली असतात : स्कॅन, डिस्कची आवराआवर, अपडेटची साफसफाई. पण आपल्याकडे रात्री मशीन चालू कोण ठेवतो? मग चुकलेलं काम ते पुढच्या वेळी मशीन रिकामं दिसलं की उरकतं. तुम्ही जेवायला उठता ती त्याची संधी. माऊस हलवला की थांबतं, ही त्याचीच खूण. आठवड्यातून एखाद्या रात्री चार्जर लावून, स्लीप बंद ठेवून चालू राहू द्या, फरक पडेल.

मात्र उलट लक्षण दिसलं तर सावध व्हा. मशीन गरम, संथ, पंखा जोरात आणि टास्क मॅनेजर उघडल्याक्षणी सगळं शांत, बंद केलं की पुन्हा सुरू, असं असेल तर कॉइन मायनर (तुमच्या मशीनवर चोरून आभासी नाणी कमावणारा प्रोग्रॅम) असू शकतो. टास्क मॅनेजर दिसला की लपायचं, ही त्यांची जुनी खोड. नावं पण ओळखीची घेतात, एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्याआडची कामं, चालवणारी प्रोसेस) वगैरे. नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' बघायचं. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टीम-३२ फोल्डरमध्ये राहतो. टेम्प फोल्डरमधून चालणारा एसव्हीसीहोस्ट तोतया समजा.

बाईट_चावा

पण एसव्हीसीहोस्ट माझ्याकडे साठ-सत्तर दिसतात, एवढे कसे? सगळे खरे?

स्क्रूड्रायव्हर

खरे. पूर्वी एका एसव्हीसीहोस्टच्या पोटात आठ-दहा सर्व्हिसेस कोंबलेल्या असायच्या. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसेसना वेगळं घर दिलं. गर्दी वाढली, पण कोण खातंय ते नावानिशी कळतं. आधी एकाच गठ्ठ्यात अपडेटवाला, नेटवर्कवाला सगळे, आणि चोर शोधताना रात्र जायची.

पत्रिकावाला

बघितलं. दुपारी अडकलं तेव्हा लगेच रिसोर्स मॉनिटर उघडला. (तो उघडायलाच किती वेळ लागला विचारू नका.)

एमएसएमपीइंगच्या यादीत सगळ्या ओळी डी ड्राईव्हच्या 'बॅकअप' फोल्डरमधल्या. क्लिपआर्टचे गणपती, कलश, तोरणं, बारीक बारीक फायली, नुसत्या पळत होत्या. रिस्पॉन्स टाईम बहुतेक ३००-४०० मिलिसेकंद, काही ओळींना २,००० च्या वर.

टिक काढल्यावर दुसऱ्या नंबरला एक बॅकअपचा प्रोग्रॅम निघाला. दुकानातल्या पोराने मागे बसवून दिला होता, फुकटातला. उघडून बघितलं तर अर्ध्या अर्ध्या तासाला अख्खं 'काम' फोल्डर आणि क्लिपआर्ट डी ड्राईव्हवर कॉपी करायला लावलंय. फक्त बदललेलं नाही, दर वेळी सगळं नव्याने. मधली दहा-पंधरा मिनिटं बरं का चालायचं ते आता कळलं.

मग आता डी ड्राईव्ह डिफेंडरच्या एक्सक्लूजनमध्ये (न तपासायच्या गोष्टींची यादी) टाकून देऊ का? एका मित्राने सांगितलं की एमएसएमपीइंगलाच एक्सक्लूजनमध्ये टाक.

दीडशहाणा

टाका टाका. अख्खे ड्राईव्ह टाका. काही होत नाही.

स्क्रूड्रायव्हर

नका हो. तुमच्याकडे गिऱ्हाईक मजकूर कशातून आणतं? पेनड्राईव्ह. आणि तो पेनड्राईव्ह तुमच्या आधी सायबर कॅफे, झेरॉक्सवाला, शाळा असं सगळं फिरून आलेला असतो. शॉर्टकट व्हायरसचं (फायली लपवून जागी शॉर्टकट ठेवणारा) मूळ पीठ म्हणजे डीटीपी आणि झेरॉक्सची दुकानं. त्या पेनड्राईव्हमधली फाईल तुम्ही कुठे उतरवता? डी ड्राईव्हवरच ना?

मित्राचा उपाय आंतरजालावर सगळीकडे फिरतो. पण प्रोसेस एक्सक्लूजनचा अर्थ लोक उलटा घेतात. एखादी प्रोसेस तिथे टाकली म्हणजे तिने उघडलेल्या फायली तपासल्या जात नाहीत, इतकंच. डिफेंडरला डिफेंडरमधून वगळून त्याचं काम कमी होत नाही.

तुमचं दुखणं बॅकअपच्या वेळापत्रकात आहे. गणित बघा. ७,२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) हार्डडिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते. विखुरलेल्या बारीक फायली वाचायच्या तर हेड (डिस्क वाचणारी सुई) इकडून तिकडे न्यायचं, वर फेरीची वाट बघायची. या हिशेबाने सेकंदाला शंभरेक उड्यांच्या वर ती जात नाही. तुमचा गणपती २० केबीचा असला तर शंभर उड्यांत २ एमबी. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग जेमतेम २ एमबी, असं चमत्कारिक दिसतं. त्यात सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन फाळण्या. बॅकअपवाला सी वरून वाचतोय, डी वर लिहितोय, लिहिलेलं डिफेंडर तपासतोय आणि तेच हेड तुमच्या कोरलला पण हवंय.

शिवाय याला बॅकअप म्हणायचं धाडस मी करणार नाही. डिस्क गेली की मूळ आणि प्रत दोन्ही एकदम जाणार.

तर :
तो प्रोग्रॅम 'फक्त बदललेल्या फायली'वर आणा, जमत नसेल तर काढून टाका. वेळ दुकान बंद करतानाची. प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात.
इतकं करूनही एक्सक्लूजन लागलंच तर फक्त त्या प्रतींच्या फोल्डरपुरतं. मूळ फोल्डर तपासलं जातंच, आणि प्रतींमधून रोज कुणी फाईल उघडत नाही.

एक्सक्लूजनच्या यादीत जाल तेव्हा तिथे आधीपासून काय आहे तेही बघून सांगा. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी तळाला.

आणि रिस्पॉन्स टाईमचा २,००० चा आकडा मला आवडला नाही. बॅकअप बंद करून क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा आणि वर कोणत्या रंगाची पट्टी दिसते ते सांगा.

शेजारीण

पत्रिकावाला भाऊ, पोराला रागावू नका हं. त्याने चांगल्या हेतूनेच केलं असणार. :)

पत्रिकावाला

रागावलो नाही ताई, चहा पाजला आणि विचारलं. :)

बॅकअप थांबवला. तिथेच निम्म्याहून जास्त फरक पडला, डिफेंडर यादीत पार खाली गेला.

आता दोन गोष्टी. एक्सक्लूजनच्या यादीत एक नोंद आधीपासून होती, अख्खा 'डाउनलोड्स' फोल्डर. मी टाकलेली नाही, पोरगाही नाही म्हणतो. आणि क्रिस्टलमध्ये पिवळी पट्टी, 'कॉशन'. खाली 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' ची ओळ पिवळी आहे.

स्क्रूड्रायव्हर

दोन्हीचं ऐका, पण क्रम महत्त्वाचा. आधी डिस्क.

पेंडिंग सेक्टर म्हणजे जे वाचताना डिस्क अडखळतेय असे भाग. अशा जागी ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, तेच तुमचे २,००० मिलिसेकंद. ती आज मरेल की वर्षभर ओढेल, कुणी सांगू शकत नाही. म्हणून आजच कामाच्या फायली बाहेर काढा. फुल स्कॅन नको, डीफ्रॅग नको, चेकडिस्क नको, आधी कॉपी. दुखऱ्या डिस्कला सगळ्यात जास्त पळवणारी कामं तीच.

मग नवी साटा एसएसडी घ्या आणि विंडोज तिच्यावर कोरं टाका. क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करायचा मोह होईल, पण एक्सक्लूजनची ती नोंद बघता मी करणार नाही. क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं आणि की-जेन (खोटी लायसन्स की बनवणारे प्रोग्रॅम) 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं सांगतात, काही तर अशी नोंद स्वतःच करून ठेवतात. नोंद काढून टाका. कॉपी झाल्यावर व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या पानावरून डिफेंडरचं ऑफलाईन स्कॅन मारा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतं, साधारण पंधरा मिनिटं म्हणतात, तुमच्या डिस्कवर जास्त धरा. बाहेर काढलेल्या फायलीही नव्या मशीनवर आधी तपासून मगच उघडा.

कोरं टाकतच आहात तर विंडोज ११ टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आठवी पिढी ११ ला चालते.

दीडशहाणा

म्हणजे शेवटी फॉरमॅटच. हार्डवेअरवाला काय वेगळं सांगत होता?

स्क्रूड्रायव्हर

तो त्याच डिस्कवर फॉरमॅट मारणार होता. विंडोज नवं, डिस्क तीच आजारी, आणि पोराने तोच बॅकअप पुन्हा बसवला असता.

ऑरेंजसिटी

+१. पत्रिकावाला, एक विचारतो. जुन्या पत्रिकांच्या फायली पण उचलणार ना? फॉन्टचं काय? आमच्या इथल्या एका प्रेसवाल्याने मशीन बदललं तेव्हा जुन्या मराठी फायली उघडल्या खऱ्या, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. त्याचे फॉन्ट युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक) आधीचे होते, एका फॉन्टचा 'क' दुसऱ्यात भलताच काहीतरी.

पत्रिकावाला

बापरे, हे डोक्यातच नव्हतं. माझे निम्मे फॉन्ट तसलेच आहेत. सीडी कधीच्या हरवल्या. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी केले की झालं ना?

स्क्रूड्रायव्हर

नाही, अर्धेच येतील. विंडोज १० च्या २०१८ मधल्या अपडेटपासून फॉन्टवर डबल-क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं तर तो तुमच्या युजरपुरता बसतो आणि वेगळ्या ठिकाणी जातो : युजरच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स. ॲपडेटा लपवलेलं असतं, व्ह्यू मधून 'हिडन आयटम्स' वर टिक करा. 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' केलेले आणि जुने फॉन्ट तेवढे विंडोजच्या फोल्डरमध्ये. दोन्ही जागा उचला, आणि क्लिपआर्टच्याही आधी हेच उचला. गणपती दुसरीकडे मिळेल.

पत्रिकावाला

दोन्हीकडे निघाले. विंडोजच्या फोल्डरमधले सगळे आले. युजरवाल्या फोल्डरमधला एक फॉन्ट कॉपी होताना अडकलाय, बाकीचे उतरले. त्याच डिस्कवरून पुन्हा प्रयत्न करू की सोडून देऊ?

स्क्रूड्रायव्हर

सोडा आत्ता. त्याच्यावर 'स्किप' दाबा आणि कामाचं फोल्डर सुरू करा. सगळं उतरल्यावर त्या एकाचं बघू. डी ड्राईव्हच्या त्या बॅकअपमध्ये फॉन्टचं फोल्डर होतं का, पोराला विचारा.